पत्ता बदलला तरी सभासदत्व राहू द्या: सार्वजनिक ग्रंथालयांना खुले पत्र

सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल, कर्मचारी आणि कार्यकारी मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी सैनिकाची पत्नी आहे. लग्न झाल्यापासून बदली, नवी वसाहत, नवी शाळा हे चक्र चालूच आहे, आणि प्रत्येक नव्या गावात सामान लागायच्या आधी मी चौकशी करते ती वाचनालयाची. तुमच्या संस्थांचे माझ्यावर आणि माझ्या मुलांवर मोठे ऋण आहे. त्या नात्यानेच एक गोष्ट हक्काने मागते आहे: सैनिकांच्या कुटुंबांचे सभासदत्व राहत्या पत्त्याला बांधून ठेवू नका.

बहुतेक ग्रंथालयांचे नियम एका गृहीतावर उभे असतात. वाचक इथला आहे आणि इथेच राहणार आहे. म्हणून रहिवासाचा पुरावा लागतो, कुठे जुन्या सभासदाची ओळख लागते, कुठे अनामत ठेवावी लागते, नूतनीकरणाला स्वतः हजर राहावे लागते. यातला एकही नियम कुणाला त्रास द्यावा म्हणून केलेला नाही. ग्रंथालय स्थानिक करांतून किंवा वर्गणीतून चालते, पुस्तके परत यायला हवीत, हिशेब द्यावा लागतो. हे सगळे मला मान्य आहे. पण सैनिकाचे कुटुंब यातल्या जवळजवळ प्रत्येक अटीवर अडते, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो.

ओळखपत्रावरचा पत्ता दूरच्या मूळ गावाचा असतो. निवासस्थान सरकारी असेल तर विजेचे बिल आस्थापनेच्या नावाने येते. निवासस्थान मिळायला उशीर झाला तर काही महिने तात्पुरत्या जागेत काढावे लागतात. भाड्याचे घर असेल तर करारावर ज्याचे नाव, तोच नेमका तैनातीवर गेलेला असतो. गावात नुकते आलेलो असताना ओळख देणारा सभासद आणायचा कुठून? आणि एवढे सगळे जुळवून कार्ड हातात येईपर्यंत पुढच्या बदलीचे वारे सुरू झालेले असतात.

एका ठिकाणचा अनुभव सांगते. गावाचे आणि संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे कुठेही घडू शकते. नवरा तैनातीवर होता. मी मुलीला घेऊन वाचनालयात गेले. तिने आधीच्या गावात एका मालिकेचा पहिला भाग वाचला होता, आणि आत शिरल्या शिरल्या तिने दुसरा भाग शोधून काढला. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज दिला. त्यात ‘कुटुंबप्रमुखाची सही’ अशी एक चौकट होती आणि खाली पत्त्यासाठी चालणाऱ्या कागदांची यादी होती. युनिटकडून मिळालेला निवासाचा दाखला माझ्याजवळ होता, पण तो त्या यादीत नव्हता. बदलीचा आदेशही दाखवला. तोही नव्हता. ते गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलत होते. त्यांनी यादी दोनदा वाचली, आत जाऊन विचारूनही आले. त्यांना देण्याची इच्छा होती, पण अधिकार नव्हता. मुलगी तिथेच वाचनकक्षात बसली आणि दिवे मालवायची वेळ होईपर्यंत जेवढी पाने झाली तेवढी वाचून पुस्तक परत ठेवून आली.

माझी तक्रार त्या गृहस्थांबद्दल मुळीच नाही. त्या यादीत दोन ओळी जास्त असत्या तर काम झाले असते, आणि त्या दोन ओळी घालण्याचा अधिकार तुमच्या मंडळाकडे आहे.

छावणीत स्वतःचे ग्रंथालय असते, मग सार्वजनिक ग्रंथालय कशाला, असे काहीजण विचारतात. काही छावण्यांत चांगली ग्रंथालये असतात हे खरे. पण पुष्कळ कुटुंबे छावणीबाहेर राहतात. राखीव दलांतल्या, म्हणजे एरवी नागरी आयुष्य जगणाऱ्या आणि गरज पडली की बोलावल्या जाणाऱ्या, सैनिकांची कुटुंबे तर चारचौघांसारखी गावात विखुरलेली असतात, त्यांच्या आसपास छावणीच नसते. शेजाऱ्यांनाही माहीत नसते की या घरातले माणूस सध्या हजारो मैल दूर आहे. शिवाय मुलांना गावातली मुले भेटायला हवीत, आणि ती गावाच्या वाचनालयात भेटतात.

आता तत्त्वाची बाजू. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्याची पहिली आवृत्ती १९४९ सालची, आणि नंतर १९७२, १९९४ आणि २०२२ मध्ये तो नव्याने मांडला गेला. १९९४ च्या जाहीरनाम्यात एक वाक्य आहे, ज्याचा आशय असा: जे वाचक कोणत्याही कारणाने नेहमीच्या सेवा आणि साहित्य वापरू शकत नाहीत, त्यांच्यासाठी खास सेवा आणि साहित्य पुरवले पाहिजे. उदाहरण म्हणून तिथे भाषिक अल्पसंख्य, अपंग व्यक्ती, रुग्णालयातले आणि तुरुंगातले लोक यांचा उल्लेख आहे. सैनिकांचा नाही. पण ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांत पाणबुडीवरचा नाविक बसतो, सीमेवरच्या चौकीतला जवान बसतो, आणि वर्षाच्या मधेच शाळा बदललेला त्याचा मुलगाही बसतो. तुमच्यापैकी अनेक संस्था हा जाहीरनामा आपला मानतात. मग तो आमच्यापर्यंतही यायला हवा.

असे बदल अशक्य आहेत असे कुणी म्हणू नये. २००९ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या ग्रंथालयांनी एक सोय केली. आपल्या गावचे कार्ड किंवा कुठल्याही गावच्या पत्त्याचा पुरावा दाखवला की दुसऱ्या गावातल्या ग्रंथालयातही पुस्तके घेता यावीत. ही सोय सर्वांसाठी होती, सैनिकांपुरती नव्हती. तिथेच सैनिकांविषयी एक तत्त्व २०११ च्या सशस्त्र दल कायद्यात आले: सैन्यात असल्यामुळे कुणाची इतर नागरिकांपेक्षा गैरसोय होऊ नये. २०२१ च्या कायद्याने घर, शिक्षण आणि आरोग्य या तीन क्षेत्रांतल्या सार्वजनिक संस्थांना या तत्त्वाची दखल घेणे बंधनकारक केले. ग्रंथालये त्या तीन क्षेत्रांत येत नाहीत. मला ही उणीव खटकते, पण चांगले काम करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

अमेरिकेत सैनिकांची मुले बारावीपर्यंत साधारण सहा ते नऊ शाळा बदलतात असे सांगितले जाते. प्रत्येक राज्याचे प्रवेशाचे, गुणपत्रिकेचे, लसीकरणाच्या कागदांचे नियम वेगळे. त्यात या मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून २००८ मध्ये राज्यांचा आपसांत एक करार अमलात आला आणि पुढे सगळी पन्नास राज्ये त्यात सामील झाली. नव्या शाळेने जुन्या शाळेचे कागद मानायचे, मुलाला आधी वर्गात बसवायचे आणि राहिलेली पूर्तता मागाहून करून घ्यायची, असा त्याचा गाभा. ग्रंथालयांनी हेच करावे. आधी पुस्तक द्या, कागद मागाहून घ्या. आधीच्या गावच्या वाचनालयाचे कार्ड हाच पुरेसा जामीन माना. ज्या कुटुंबाने तिथे पुस्तके वेळेवर परत केली, ते तुमच्याकडेही करील.

ग्रंथालयांनी सैनिकांसाठी केलेल्या कामाचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, पण कार्यकारी मंडळांतल्या सर्वांना तो ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडा सांगते. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली आणि तिथल्या ग्रंथालय संघटनेने युद्ध ग्रंथालय सेवा उभी केली. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे (लायब्ररी ऑफ काँग्रेसचे) प्रमुख हर्बर्ट पटनम तिचे सूत्रधार होते. १९१७ ते १९२० या काळात लोकांकडून पन्नास लाख डॉलर जमले, उद्योगपती कार्नेगी यांच्या निधीतून छावण्यांमध्ये छत्तीस ग्रंथालये बांधली गेली, आणि सुमारे सत्तर लाख ते एक कोटी पुस्तके आणि मासिके सैनिकांपर्यंत पोचली. रुग्णालये धरून पाचशेहून अधिक ठिकाणी संग्रह ठेवले गेले. युद्ध संपल्यावर युरोपात उरलेल्या त्या पुस्तकांतूनच १९२० मध्ये पॅरिसमधले अमेरिकन ग्रंथालय सुरू झाले, आणि ते आजही चालू आहे.

त्याच काळात लंडनच्या एंडेल स्ट्रीटवर एक लष्करी रुग्णालय होते. फ्लोरा मरे आणि लुईझा गॅरेट अँडरसन या डॉक्टर बायकांनी ते चालवले. तिथले ग्रंथालय बिट्रिस हॅराडन आणि एलिझाबेथ रॉबिन्स या दोन लेखिकांनी सांभाळले. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जखमी सैनिकांनी काय वाचावे हे त्यांनी आधी ठरवून ठेवले नाही. त्या खाटेपाशी जाऊन विचारत. कुणी कारागीर होता, त्याला त्याच्या धंद्याची पुस्तके हवी असत. कुणाला हलक्याफुलक्या गोष्टी हव्या असत, कुणाला काहीच नको असे. मागेल ते मिळवून देण्याची त्यांची धडपड असे.

याच्या उलट धडा दुसऱ्या महायुद्धातला. १९४२-४३ मध्ये अमेरिकेत सैनिकांसाठी घरोघरी पुस्तके गोळा करण्याची मोठी मोहीम झाली. जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख पुस्तके जमली, पण सैनिकांकडे पाठवण्याजोगी निघाली ती एक कोटीच्या आसपास. बाकीची फाटकी, जुनाट किंवा कुणाच्याच उपयोगाची नसलेली होती. शिवाय जाड पुठ्ठ्याची पुस्तके पाठीवर वाहून नेणे सैनिकाला परवडत नव्हते. म्हणून प्रकाशक एकत्र आले आणि १९४३ पासून सैनिकांसाठी खास आवृत्त्या निघू लागल्या. पातळ कागद, आडवा आकार, गणवेशाच्या खिशात मावेल एवढी जाडी. १९४७ पर्यंत १,३२२ पुस्तके आणि एकूण बारा कोटींहून अधिक प्रती निघाल्या. म्हणून आज एखादे ग्रंथालय ‘सैनिकांसाठी जुनी पुस्तके द्या’ असा खोका दारात ठेवते, तेव्हा त्यामागची भावना मी जाणते, तरी विनंती करते की तो खोका हटवा. आम्हाला रद्दीतले उरलेसुरले नको. इतर सभासदांना मिळते तेच हवे आहे, आणि आम्ही जिथे असू तिथे हवे आहे.

आता सगळ्यात जवळच्या विषयाकडे येते. घरातले माणूस तैनातीवर असते तेव्हा लहान मुलाच्या दिवसात मोठी पोकळी पडते, आणि ती जास्त जाणवते ती झोपायच्या वेळी. अमेरिकेत १९८९ मध्ये बेटी मोहलनब्रॉक यांनी यावर एक उपाय सुरू केला. त्यांचे पती नौदलात वैमानिकांचे डॉक्टर होते. ते तैनातीवरून परतले तेव्हा त्यांच्या लहान मुलीने त्यांना ओळखले नाही. पुढे बेटी यांनी अशी सोय उभी केली की जाण्यापूर्वी किंवा तैनातीवर असतानाही आई किंवा वडील मुलाच्या आवडीचे पुस्तक मोठ्याने वाचतील, त्याचे चित्रीकरण होईल, आणि ते चित्रीकरण पुस्तकासह घरी जाईल. ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ या नावाने हे काम अजून चालते. ब्रिटनमध्ये ‘रीडिंग फोर्स’ ही संस्था सैनिकांच्या कुटुंबांना पुस्तके आणि चिकटवही मोफत देते. दूर असलेले माणूस आणि घरचे एकच पुस्तक वाचतात आणि त्यावरची पत्रे, चित्रे, टिपणे त्या वहीत लावतात.

हे काम कोणतेही सार्वजनिक ग्रंथालय करू शकते. एक शांत खोली लागते, बऱ्यापैकी ध्वनिमुद्रण करणारा फोन लागतो आणि मदतीला एक माणूस लागते. ते माणूस मात्र समजूतदार हवे. कारण गणवेशातला मोठा माणूस चित्रांचे पुस्तक हातात घेऊन बसला की अवघडतो. त्याला सांगावे लागते की पुस्तक छातीशी न धरता चित्र कॅमेऱ्याकडे करून धरा. पान उलटल्यावर लगेच वाचू नका, मुलाला चित्र पाहायला वेळ द्या. मधे मुलाचे नाव घ्या, ‘ससा कुठे लपलाय बघ बरं’ असे विचारा आणि उत्तरासाठी थांबा, कारण पलीकडे मूल खरोखरच उत्तर देणार आहे. शब्द अडखळला तर अडखळू द्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. माझ्या मुलाला वडिलांच्या वाचनातल्या त्या अडखळण्याच्या जागा पाठ होत्या. तिथे येताच तो स्वतः तो शब्द म्हणायचा. ज्या बाल विभागात रोज गोष्टी सांगितल्या जातात, तिथल्या कर्मचाऱ्यांना हे शिकवायचीही गरज नाही. त्यांनी फक्त सैनिकी कुटुंबांना बोलवायचे आहे, आणि तैनाती सुरू व्हायच्या आधी बोलवायचे आहे. निघायच्या आठवड्यात कुणाला सवड नसते.

मुलांबद्दल आणखी एक. बदली झालेल्या मुलांसाठी बदलीवरची आणि दूर गेलेल्या आई-वडिलांवरची पुस्तके काढून ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्या मुलाचा बाप दूर आहे, त्याला पुष्कळदा डायनासोर, क्रिकेट किंवा भुते हवी असतात. स्वतःचे दुःख वाचायचे की नाही हे त्याचे त्याला ठरवू द्या.

ई-पुस्तकांनी आमचा प्रश्न सुटला असेल असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात तिथेही पत्ता आडवा येतो. प्रकाशकांशी झालेल्या परवान्यांत ग्रंथालयाच्या हद्दीतल्या रहिवाशांपुरती अट असते. मग सभासद परदेशात तैनात झाला, किंवा कुटुंबाची बदली झाली, की खाते बंद पडते. काही वेळा खाते चालू असते, पण आत शिरण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक ज्या फोनवर येतो तो फोन तिथे चालत नाही. यावर उपाय साधे आहेत. परवान्याचा करार करताना ‘सभासद कुठेही असला तरी’ असे शब्द घालून घ्या. सैनिक सभासदांना कायम चालणारा गुप्त क्रमांक द्या. पुस्तक पूर्ण उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचता येईल अशीच सेवा निवडा, कारण जहाजावर आणि दुर्गम चौकीवर जोडणी भरवशाची नसते. अमेरिकेच्या नौदलाने २०१४ मध्ये आपल्या नाविकांसाठी खास ई-वाचक यंत्र काढले. त्यात सुमारे तीनशे पुस्तके आधीच भरलेली होती, आणि सुरक्षेसाठी वाय-फाय किंवा कॅमेरा काहीच ठेवला नव्हता. पाणबुडीतही ते वापरता येत होते. गावच्या वाचनालयाने यंत्रे बनवावीत असे मी म्हणत नाही. वाचकाची परिस्थिती पाहून सेवा आखली की काय साधते, ते यातून दिसते.

जखमी होऊन परतलेल्यांविषयी थोडे. कॅप्टन इयन फ्रेझर यांची दृष्टी १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत गेली. पुढे ते युद्धात अंध झालेल्यांसाठी काम करणाऱ्या सेंट डन्स्टन्स या संस्थेचे अध्यक्ष झाले. बोलती पुस्तके प्रत्यक्षात यावीत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये बोलत्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. आज लाखो लोक ऐकतात त्या पुस्तकांच्या मुळाशी युद्धात दृष्टी गमावलेल्या माणसांची गरजही आहे. अमेरिकेत अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी जी राष्ट्रीय ग्रंथालय सेवा आहे, तिच्या कायद्यातच माजी सैनिकांना प्राधान्य दिले आहे. २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारामुळे अंधांना वापरता येतील अशी पुस्तके एका देशातून दुसऱ्या देशात पाठवणेही सोपे झाले. तुमच्या ग्रंथालयातला कर्मचारी अशा सेवेत नाव कसे नोंदवायचे हे सांगू शकतो का? डोक्याला मार बसल्यामुळे छापील ओळीवर नजर न टिकणाऱ्या माणसालाही हे सांगायला हवे. त्याची दृष्टी शाबूत दिसते, म्हणून त्याला कुणी विचारतच नाही.

निवृत्तांना निवृत्तिवेतन, वैद्यकीय सवलती, अपंगत्वाचे दावे यांचे अर्ज भरायचे असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सार्वजनिक ग्रंथालयांमध्ये माजी सैनिकांसाठी मदत केंद्रे आहेत, आणि तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक बसतात. माझ्यासारख्या बायकांना दर बदलीनंतर नोकरी नव्याने शोधावी लागते, दूरशिक्षणाच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यासाठी संगणक, छपाई आणि परीक्षेला बसायला पर्यवेक्षकासह एक टेबल मिळाले तरी पुष्कळ झाले.

खाजगीपणाबद्दल मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सद्‌हेतूने केलेली चूक इथे महागात पडू शकते. सैनिकाची तैनाती कुठे आहे आणि किती दिवस आहे हे ग्रंथालयाला कळण्याची गरज नाही. अर्जात ते विचारू नका. कार्डावर सैनिकी कुटुंब असल्याची खूण छापू नका. घरी बाई आणि मुले एकटीच आहेत ही माहिती कुणाच्या हाती पडावी असे कोणत्याच कुटुंबाला वाटत नाही. गोष्टींच्या कार्यक्रमाचे फोटो काढाल, तर त्याखाली युनिटचे नाव किंवा परतीची तारीख लिहू नका. आणि कोण काय वाचतो याची नोंद जशी इतरांची गुप्त ठेवता, तशीच आमचीही ठेवा. रात्री झोप न लागणारा सैनिक मनाच्या आजारावरचे पुस्तक घेऊन जातो, तेव्हा ते त्याच्या वरिष्ठांच्या कानावर जाणार नाही एवढा भरवसा त्याला हवा. नाहीतर तो ते पुस्तक नेणारच नाही.

दंडाबद्दल लिहिताना मन जड होते. आदेश अचानक येतात, सामान खोक्यांत जाते, आणि त्यातल्या एखाद्या खोक्यात तुमचे पुस्तक जाते. ते परत येते, पण उशिरा येते. तैनातीच्या काळात दंडाची मोजणी थांबवा. याला खर्च फारसा नाही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा दंड सगळ्यांसाठीच बंद केला, आणि त्यानंतर जुनी अडकलेली पुस्तके परत येऊ लागली. न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही ग्रंथालय यंत्रणांनी २०२१ मध्ये तेच केले. आणि एक प्रसंग असा आहे, ज्याची तरतूद कुणीही आधीच करून ठेवायला हवी. सैनिकाचा मृत्यू झाला, तर त्याच्या नावावरच्या पुस्तकांची स्मरणपत्रे संगणक आपोआप पाठवत राहतो. त्या घरात ती पत्रे जाऊ देऊ नका. कळताक्षणी ते खाते बंद करण्याचा, पुस्तके माफ करण्याचा आणि कुटुंबाचे सभासदत्व पुढे चालू ठेवण्याचा अधिकार एका कर्मचाऱ्याला आधीच देऊन ठेवा. त्यासाठी मंडळाच्या बैठकीची वाट पाहावी लागू नये.

सैनिकांनाच ही सवलत का, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. हंगामी मजूर, गावोगावी कंत्राटावर काम करणाऱ्या परिचारिका, घर सुटलेली माणसे, या सगळ्यांना पत्त्याची हीच अट आडवी येते, आणि त्यांच्यासाठीही ती सैल व्हावी असेच माझे म्हणणे आहे. सुरुवात आमच्यापासून करा, एवढेच सुचवते. आमच्याकडे सेवेचे ओळखपत्र असते, बदलीचा लेखी आदेश असतो, दाखला देणारे कार्यालय असते. त्यामुळे नियम बदलून पाहण्याची जोखीम तुम्हाला सगळ्यात कमी आहे. वर्षभर अनुभव घ्या, किती पुस्तके खरोखर बुडाली ते मोजा, आणि मग तोच नियम इतरांसाठी खुला करा.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. पुढचा मजकूर ठराव म्हणून जसाच्या तसा वापरलात तरी माझी हरकत नाही.

‘सेवेत असलेले, राखीव दलांतले आणि निवृत्त सैनिक तसेच त्यांचे कुटुंबीय यांना सेवेचे ओळखपत्र, बदलीचा आदेश, युनिटचा दाखला किंवा दुसऱ्या कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाचे चालू कार्ड यांपैकी एक कागद दाखवल्यावर त्याच दिवशी सभासदत्व दिले जाईल. मुलांच्या अर्जावर आई, वडील किंवा सांभाळ करणारी कोणतीही सज्ञान व्यक्ती सही करू शकेल. अनामत घेतली जाणार नाही. तैनाती आणि बदलीच्या काळात दंड आकारला जाणार नाही. बदलीनंतर ई-पुस्तकांचे खाते परवान्यात बसेल तितका काळ आणि किमान नव्या ठिकाणी सभासदत्व मिळेपर्यंत चालू राहील. तैनातीचे ठिकाण आणि कालावधी विचारला जाणार नाही.’

ठराव झाला की त्याची एक प्रत खिडकीवर बसणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला द्या. एक जवळच्या शाळांना द्या, आणि एक माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाला पाठवा, कारण नवे कुटुंब गावात आले की पहिल्यांदा याच दारांत जाते. मसुद्यात काही अडचण वाटली तर ती मला जरूर कळवा. दुरुस्त्या सुचवायला आणि तुमच्या मंडळासमोर येऊन बोलायला मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सैनिकपत्नी आणि अनेक ग्रंथालयांची सभासद